शेगडीपाशी बसलेला शब्द

बुरुल एजे पहिलीला शिकवते. खरं म्हणजे पहिलीच तिला शिकवते, असं ती स्वतः सगळ्यांना सांगते आणि वर हसते. उच-बुलाक गावच्या शाळेत पोरं बाईंना ‘एजे’ म्हणतात, म्हणजे ताई. ही चौतीस जणांची ताई. वर्गात बाकं सोळा, वाचनाची पुस्तकं एकवीस. त्यातल्या दोन पुस्तकांची शेवटची पानं कुणीतरी कधीकाळी शेगडी पेटवायला वापरलेली. त्यामुळे तेवढ्या दोन पुस्तकांत मुळाक्षरं मधेच संपतात, आणि ती पुस्तकं वाट्याला आलेली पोरं आपलं पुस्तक सगळ्यांच्या आधी संपलं म्हणून फुशारक्या मारतात.

सहा वर्षांपूर्वी शिक्षिकेची पदविका घेऊन ती या गावात सून म्हणून आली, तेव्हा तिने भिंतीवर एक रंगीत वेळापत्रक लावलं होतं. कडेने लाल ट्यूलिपची फुलं काढलेली. ‘नऊ वाजून पाच मिनिटे : वाचन.’ नऊ वाजून पाच मिनिटांनी प्रत्यक्षात काय चालतं, तर अडुसष्ट ओले बूट शेगडीभोवती मांडायचे, त्यातला डावा कुणाचा नि उजवा कुणाचा यावरून जुंपलेली भांडणं सोडवायची, एकाच्या बंडीची गुंडी लावायची, दुसऱ्याचं नाक पुसायचं. तोवर दहा वाजतात. वेळापत्रक अजून भिंतीवर आहे. त्याच्या खिळ्याला पोरं टोप्या अडकवतात. बुरुल म्हणते, माझ्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग झाला.

सामान म्हणाल तर मोजणीसाठी मेंढ्यांच्या घोट्याची दोनशे हाडं, पिशवीत भरलेली. पोरं अंगणात ज्यांनी खेळतात तीच. दहा-दहाचे ढीग लावले की बेरीज शिकवून होते, आणि बेरीज झाली की निम्मी हाडं पोरांच्या खिशात गेलेली असतात, म्हणजे वजाबाकीही होते. अक्षरं सासूबाईंनी कापून दिलेली, थापलेल्या लोकरीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून. खडू मात्र सरकारी. तो फळ्यावर उमटत नाही, नुसता किंचाळतो.

आणि कोपऱ्यात कोळशाची लोखंडी शेगडी. तिची देखभाल करायला शाळेने माणूस ठेवलेला आहे, आणि तो माणूस म्हणजे बुरुलचे सासरे.

इथूनच सगळी गंमत सुरू झाली. या गावात सून सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांची नावं तोंडातून काढत नाही. नाव तर नाहीच, पण नावात दडलेला साधा शब्दसुद्धा नाही. दिराचं नाव आगीवरून असलं तर सून आगीला आग म्हणणार नाही, दुसरं काहीतरी नाव शोधून काढेल. तर बुरुलच्या सासऱ्यांचं नाव कोझुबेक. मी काही त्यांची सून नाही, तेव्हा मला सांगायला हरकत नाही. आणि कोझु म्हणजे कोकरू.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? घरात पाळलं असतं आणि शाळेत सोडून दिलं असतं. गावातल्या बाकीच्या सुना-शिक्षिका तेच करतात. पण त्यांचे सासरे त्यांच्या वर्गात बसत नाहीत. बुरुलचे रोज सकाळी आठ ते अकरा शेगडीसमोर ठोकळ्यावर बसलेले, हातात लोखंडी सळई, पाठ वर्गाकडे. एकदा कोळसा टाकला की करण्यासारखं काही नसतं, पण बाहेर थंडी, आणि पोरांचा कलकलाट त्यांना आवडतो. त्यांच्या पाठीकडे बघत कोकराला कोझु म्हणायची बुरुलची छाती झाली नाही. त्यात नवी नवी सून. गावातली सगळ्यात गुणाची सून व्हायची हौस दांडगी. मग पुस्तकात कोकराचं चित्र आलं की ती घाईघाईने ‘मारामा’ म्हणून मोकळी व्हायची, म्हणजे ‘बें-बें करणारं’.

थोरल्या दिराचं नाव तोक्तोसुन. आणि तिकडच्या भाषेत ‘थांब’ म्हणायचं तर ‘तोक्तो’. म्हणजे चौतीस पोरांच्या बाईला ‘थांबा’ हा शब्द वर्ज्य. हे असलं दिव्य बुरुलनेच करावं. पोरं दारातून एकदम उधळली की ती ओरडते, “पाय जमिनीत!” पोरं जागच्या जागी खिळून उभी राहतात. बाकीच्या वर्गांच्या बायका ‘थांबा थांबा’ करून घसा कोरडा करतात, पण त्यांचं कोण ऐकतो? तेव्हा यात बुरुलने स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

आजेसासरे तर वीस वर्षांपूर्वीच गेलेले. त्यांचं नाव तोकसोनबाय. तोकसोन म्हणजे नव्वद. त्यांच्या आजोबांना नव्वदावं लागलं त्या वर्षी जन्मले म्हणून. मेलेल्या माणसाचंही नाव घ्यायचं नाही. मग शंभरपर्यंत मोजताना बुरुल एकोणनव्वदला पोचली की मान जराशी खाली घालते आणि थेट एक्क्याण्णववर येते. नवरा एसेन म्हणायचा, “तू गणित शिकवतेस की माझ्या घराण्याचा इतिहास?” ती म्हणायची, “दोन्ही. सरकार पगार एकाचाच देतं.”

पोरांना हे तिचं खासगी प्रकरण आहे हे कळत असेल, असं ती धरून चालली. पोरं दिवसभर घरी कोझु, कोझु करत हिंडतात, मेंढ्यांतच वाढतात, त्यांना काय सांगायचं? असं तिला वाटलं. पहिलीच्या बाईने असं काही धरून चालू नये, पण हेही तिला पहिलीनेच शिकवलं.

वर्गात आकमारल नावाची एक मुलगी होती. सात वर्षांची, आजीजवळ राहणारी. आईबाप कळपाबरोबर वरच्या कुरणात. परक्या माणसासमोर ती तोंड उघडत नसे. जानेवारीत जिल्ह्याच्या गावाहून समिती आली, मुलांची परीक्षा घेणारी. कालिपा एजे त्या समितीच्या प्रमुख, पन्नाशीच्या, भारदस्त, डोक्याला रेशमी रुमाल. त्यांनी आकमारलपुढे शब्द लिहिलेलं कार्ड धरलं. मुलीने कार्डाकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे, आणि गप्प राहिली. दुसरं कार्ड, तिसरं कार्ड, तेच. कालिपा एजेंनी वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, “बुरुल, हिला इथं ठेवून हिचं नुकसान होईल. मंद मुलांची निवासी शाळा आहे, तिथं पाठवू.”

ती शाळा शंभर कोसांवर. पोरीला वर्षातून दोनदा घरी आणणार. आजीने ऐकलं आणि ती बुरुलच्या अंगणात येऊन जोत्यावर बसली, चहासुद्धा घेतला नाही. बुरुलला ते बसणं सहन होईना. ती दुसऱ्या दिवशी कालिपा एजेंच्या गाडीमागे धावत गेली आणि म्हणाली, “मार्चपर्यंत मुदत द्या. ती वाचेल. नाही वाचली तर मी सही करते.” हे बोलताना आपल्याला त्या मुलीला वाचायला कसं शिकवायचं याची काडीची कल्पना नव्हती, असं ती आता सांगते. तेव्हा मात्र मोठ्या रुबाबात बोलली होती.

मग शाळा सुटल्यावर रोज तासभर दोघी. खडूला आकमारल घाबरायची, पुस्तकाला घाबरायची, लोकरीच्या अक्षरांना घाबरायची नाही. ती अक्षर हातात घ्यायची, बोटाने त्याच्या कडेकडेने फिरायची, मग दुसरं त्याच्याजवळ ठेवायची. बुरुलने पदविकेत शिकलेल्या चार पद्धती एकामागून एक वापरल्या आणि चारही फसल्या. पाचव्या आठवड्यात दमून ती नुसती शेजारी बसून मोजे विणू लागली, आणि तेव्हा मुलीने तीन अक्षरं शेजारी शेजारी लावून हळूच म्हटलं, “अता.” म्हणजे बाबा. म्हणजे आजोबासुद्धा. राख काढायला आलेल्या सासऱ्यांनी शेगडीपाशी मान वळवली. त्यांना सगळी पोरं अता म्हणतात, त्यांना वाटलं आपल्यालाच हाक मारली.

“तुम्हाला नाही, अता. वाचलं तिने,” बुरुल म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. विणलेला मोजा सबंध उसवावा लागला.

मार्च उजाडला आणि गावातल्या मेंढ्या व्यायला लागल्या. चौतीस पोरांच्या तोंडी दुसरा विषय नाही. कुणाकडे जुळं झालं, कुणाचं काळं झालं, कुणाचं स्वयंपाकघरात ठेवलंय. फळ्यावर काही लिहिलं तरी पोरं त्यात कोकरू शोधायची. बुरुल दिवसातून वीस वेळा मारामा, मारामा करत होती, पाठमोऱ्या सासऱ्यांकडे एक डोळा ठेवून.

त्याच आठवड्यात कालिपा एजे आल्या. मागच्या बाकावर बसल्या, वही उघडली. म्हणाल्या, आधी सगळ्या वर्गाचं बघू, शंभरपर्यंत मोजा.

पोरांनी मोजलं. काय सुंदर मोजलं. चौतीस आवाज एका सुरात, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. मग चौतीस माना एकदम खाली गेल्या, अगदी अदबीने. क्षणभर वर्गात शांतता. आणि माना वर. एक्क्याण्णव, ब्याण्णव.

बुरुल बघतच राहिली. तिने हे कधी समोरून पाहिलंच नव्हतं. मोजताना तिची स्वतःची मान खाली असायची ना.

“पाय जमिनीत,” ती कशीबशी म्हणाली. पोरं थांबली.

कालिपा एजेंनी पुढच्या बाकावरच्या एका पोराला विचारलं, “काय रे, नव्वद कुठं गेलं?”

“ते वारले,” पोरगा म्हणाला.

“कोण वारलं?”

“नव्वद आजोबा. त्यांचं नाव घेत नाहीत.”

शेगडीपाशी सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. बुरुलला वाटलं खोकला आला. कालिपा एजेंनी वहीत काहीतरी लिहिलं. आपली नोकरी आता मोडीत निघाली असं बुरुलला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला नोकरीचं काही वाटलं नाही. तिचं लक्ष तिसऱ्या बाकावरच्या आकमारलकडे होतं.

“ती मुलगी,” कालिपा एजे म्हणाल्या. “ये बाळ.”

आकमारल उठून आली. कालिपा एजेंनी पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. चित्र नसलेली, नुसती अक्षरं असलेली कार्डं. दिवस कोकरांचे, तेव्हा त्यांनी मायेनेच सगळ्यात ओळखीचं कार्ड निवडलं आणि मुलीसमोर धरलं. त्या बाईंच्या मनात खोट नव्हती, हे इथं सांगितलं पाहिजे. क, ओ, झ, उ, अशी चार अक्षरं.

मुलीचे ओठ हलले. बोट कार्डाच्या कडेने फिरलं. तिने शेगडीकडे एकदा पाहिलं. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, “मारामा.”

कालिपा एजेंनी सुस्कारा टाकला. “अक्षरं चार, आणि ही बोलतेय सहा अक्षरांचा शब्द. बुरुल, पोरगी अंदाजाने बोलते. पहिल्या अक्षराचासुद्धा मेळ नाही.”

“नाही, नाही, ती वाचतेय. बरोबर वाचलंय तिने.”

“मारामा?”

“म्हणजे तो शब्द तोच आहे, फक्त तो तसा नाही. आकमारल, सांग ना गं, काय लिहिलंय?”

आकमारलने मान हलवली. अगदी हळू म्हणाली, “अता बसलेत.”

तेव्हा कुठे बुरुलच्या डोक्यात उजेड पडला. पोरीने चारही अक्षरं वाचली होती. शब्द वाचला होता, तो कुणाचा आहे तेही वाचलं होतं, आणि बाई जे करतात तेच केलं होतं. सगळ्या वर्गात बुरुलचं इतकं नीट कुणीच ऐकलं नव्हतं. आणि याच ऐकण्यापायी ही मुलगी शंभर कोसांवर जाणार होती.

“कालिपा एजे, ते कार्डावर जे आहे ना, ते आमच्या घरात आहे,” बुरुल म्हणाली.

“काय आहे घरात?”

“म्हणजे नावात आहे. मोठ्यांच्या. म्हणून मी ते दुसऱ्या नावाने म्हणते, आणि मुलं पण.”

कालिपा एजेंनी चष्मा काढला. शेगडीपाशी बसलेल्या पाठीकडे पाहिलं. त्याही कुणाच्या तरी सूनच. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

“हे बघ,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “मीही माझ्या सासऱ्यांचं नाव तीस वर्षांत घेतलं नाही. पण या कागदावर मी काय लिहू? मुलीला वाचता येतं पण ती आदरापोटी वाचत नाही? वरचे लोक मला हसतील. तिला वाचायला सांग. तू सांगितलंस तरच ती वाचेल. आणि तू आधी वाच.”

बुरुलने कार्ड हातात घेतलं. सहा वर्षांत तो शब्द तिने उच्चारला नव्हता. माहेरी गेली तरी नाही, सवयच गेलेली. वर्गातली चौतीस तोंडं तिच्याकडे लागलेली. गावातली सगळ्यात गुणाची सून आणि गावातली सगळ्यात शहाणी शिक्षिका, दोघी एकाच वेळी फळ्यापाशी उभ्या होत्या. मग तिने आकमारलकडे पाहिलं. मुलगी परत आपल्या बुटांकडे बघायला लागली होती.

“कोझु,” बुरुल म्हणाली. फार मोठ्याने निघालं. खिडकीची काच थरथरली असं पोरं अजून सांगतात.

“ओय,” शेगडीकडून उत्तर आलं.

म्हातारा सळई हातात घेऊन उभा राहिला होता. गोंधळलेला, जरा हसरा, कुणीतरी रस्त्यातून हाक मारल्यावर माणूस दारात येतो तसा. सगळ्या वर्गाकडे बघत त्याने विचारलं, “कोण?”

बुरुल कमरेत वाकली. “मी, अता. चुकले. धडा होता.”

“तू होय.” ते परत ठोकळ्यावर बसले, या वेळी तोंड वर्गाकडे करून. थोडा वेळ सळईशी चाळा करत राहिले. “झाकीर गेला त्याला आठ हिवाळे झाले,” ते म्हणाले. “तो माझ्या बरोबरीचा शेवटचा. अरे कोझु, अशी हाक मारायचा कुंपणावरून. त्याच्यानंतर कुणी मारली नाही. पोरं अता म्हणतात, सुना अता म्हणतात, म्हातारी ‘अहो, ऐकलंत का’ म्हणते. मला वाटलं तोच आला की काय.”

कालिपा एजेंनी वहीचं पान उगाच उलटून परत जागेवर आणलं.

“वाचू दे पोरीला,” म्हातारा म्हणाला. “माझं नाव आहे, मी परवानगी देतो. वाच बाळ.”

आकमारलने बुरुलकडे पाहिलं. बुरुलने मान डोलावली. मुलीने कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि बोटाने कडेकडेने जात म्हणाली, “को. झु.” मग जोडून, “कोझु.”

कालिपा एजेंनी दुसरं कार्ड पुढे केलं. मुलीने वाचलं. तिसरं दिलं, तेही वाचलं, जरा अडखळत, पण वाचलं. चौथ्याला त्यांनीच हात आवरला. वहीत जानेवारीत लिहिलेलं खोडलं, शेजारी नवीन लिहिलं आणि वही बुरुलकडे फिरवून दाखवली. ‘वाचते. इथेच ठेवावे.’ खाली बुरुलबद्दल एक ओळ होती, नव्वदच्या संदर्भात. ती बुरुल कुणाला सांगत नाही.

कालिपा एजे बाहेर गेल्यावर पोरं बुटांसाठी शेगडीवर तुटून पडली. त्या गर्दीत आकमारल म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. आपण होऊन ती कुणाशी बोलायला गेल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

“अता, मी तुमचं नाव वाचलं,” ती म्हणाली.

“हो ना. कसं होतं?”

तिने विचार केला. “लहान होतं.”

“बरोबर आहे,” म्हातारा म्हणाला. “मी लहान होतो तेव्हाच ठेवलेलं.”

बुरुल फळा पुसायला वळली. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तरी ती बराच वेळ पुसत राहिली.